भुयारातली हवा आणि तिची निगा

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, तुम्हाला एसी आणि पंख्यांशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नाही. पण वर्गात मी अनेक वर्षं एक प्रश्न शिकवला: एखादी गोष्ट 'नाही' हे आपल्याला कसं कळतं? समोर घडा आहे हे डोळ्यांना दिसतं. समोर घडा नाही, हे कशाने दिसतं? मुलं जांभया द्यायची. निवृत्तीनंतर मात्र रेल्वेत, मेट्रोत, विमानतळावर देखभालीचं काम करणाऱ्या काही मंडळींशी बोलणं होऊ लागलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न ही माणसं रोज रात्री पाळीवर गेल्यावर सोडवत असतात. पंखा बिघडलेला नाही, धूर साठणार नाही, पाण्यात जंतू नाहीत. सगळी 'नाही'ची विधानं. आणि ती चुकली तर माणसं मरतात.

तर आज आपण आधी भुयारी स्थानकातली हवा कशी चालते ते समजून घेऊ, मग तिची निगा म्हणजे काय ते बघू, आणि मग 'नाही'च्या प्रश्नाकडे येऊ.

उष्णता येते कुठून?

आपल्याकडे हा विषय आता घरातला झालाय. कोलकात्यात १९८४ मध्ये देशातली पहिली भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा तो दूरचा होता. आज पुण्यात स्वारगेटपर्यंत आपण जमिनीखालून जातो. मुंबईत आरे ते कफ परेड हा तेहेतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत.

लोकांची समजूत अशी असते, की जमिनीखाली गारच असणार, तळघर गार असतं तसं. रिकामं तळघर गार असतं हो. पण त्यात दर चार-पाच मिनिटांनी एक गाडी आणून थांबवली तर?

जरा हिशोब करू. समजा गाडीचं वजन प्रवाशांसकट ३०० टन आहे आणि ती ताशी ८० किलोमीटर वेगाने येते आहे. ती थांबवायची म्हणजे तिच्या गतीतली ऊर्जा कुठेतरी घालवायला हवी. शाळेतलं सूत्र लावलं तर ही ऊर्जा सुमारे २० युनिट वीज भरते. मध्यम घराला तीन-चार दिवस पुरावी इतकी, आणि ती एका थांब्यावर. आताच्या गाड्या ब्रेक लावताना यातली बरीचशी वीज परत तारेत सोडतात. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती तिथेच, भुयारात राहते.

दुसरा स्रोत गाडीचा स्वतःचा एसी. एसी थंडी निर्माण करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. घरात तुम्ही ती गॅलरीत टाकता. गाडी कुठे टाकणार? भुयारात.

तिसरा स्रोत आपण. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटची उष्णता देतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. जिना चढणारा त्याहून जास्त. फलाटावर हजार माणसं उभी असली की शंभर किलोवॅट झाले. एसीवाल्यांच्या भाषेत हे जवळजवळ २८ टन. हा 'टन' कुठून आला माहीत आहे? यंत्रं येण्यापूर्वी बर्फ वापरायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तो एक टन, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. तर त्या हजार माणसांसाठीच रोज अठ्ठावीस टन बर्फ लागला असता. दिवे, सरकते जिने, तिकिटाची यंत्रं धरलेलीच नाहीत. शिवाय मुंबईची हवा दमट. तिथे हवा थंड करण्याच्या बरोबरीने तिच्यातलं पाणी काढणं हेही मोठं काम असतं.

हवा हलते कशी?

हवा हलवायला एक यंत्र फुकट मिळतं, ते म्हणजे गाडी. अरुंद भुयारातून गाडी येते ती पिचकारीतल्या दट्ट्यासारखी. पुढची हवा ढकलते, मागे हवा ओढते. गाडी दिसायच्या आधी फलाटावर वारा येतो ना, तो हाच. भुयारं बांधताना या वाऱ्यासाठी ठिकठिकाणी वर जाणारी धुराडी ठेवतात. मुंबईच्या नव्या मार्गिकेसारख्या ठिकाणी फलाटाला पूर्ण उंचीची काचेची दारं असतात. त्यामुळे थंड केलेली हवा फलाटावर राहते आणि भुयारातली गरम हवा भुयारात.

बाकीचं काम यंत्रांचं. चिलर पाणी थंड करतो. ते पाणी नळ्यांच्या जाळीतून, म्हणजे कॉइलमधून फिरतं. पंखा हवा ओढतो, ती फिल्टरमधून गाळली जाते, कॉइलवरून जाते, थंड होते आणि डक्टमधून फलाटावर येते. उचललेली उष्णता बऱ्याच ठिकाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून वातावरणात सोडली जाते.

आणि तिसरी एक व्यवस्था आहे, जी प्रवाशाला कधी दिसत नाही: भुयाराचे मोठे पंखे. यांचं खरं काम आगीच्या वेळचं. हे पंखे दोन्ही दिशांनी फिरू शकतात, आणि सुमारे अडीचशे अंशांचा गरम धूर निदान तासभर ओढत राहतील अशा अपेक्षेने बनवतात. युक्ती साधी आहे. भुयारात मधेच गाडी पेटली, तर एका टोकाच्या पंख्यांनी हवा आत ढकलायची आणि दुसऱ्या टोकाच्या पंख्यांनी ती बाहेर ओढायची. मग धूर एकाच दिशेला जातो आणि माणसांना उलट दिशेला, ताज्या हवेला तोंड करून चालता येतं. कुठल्या टोकाने ढकलायचं नि कुठल्याने ओढायचं, हे गाडी कुठे पेटली आणि लोक कुठल्या बाजूने बाहेर पडणार यावर ठरतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक जुना बोगदा

न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखाली हॉलंड बोगदा आहे. मोटारींसाठीचा. १९२७ च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला. त्याआधी इतका लांब बोगदा फक्त मोटारींसाठी बांधलेला नव्हता, आणि खरी अडचण खोदकामाची नव्हतीच. मोटारींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या प्राणवायूची जागा तो घेतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते.

मग त्यांनी प्रयोग केले. येल विद्यापीठात यँडेल हेंडरसन यांनी स्वयंसेवकांना मोजून हा वायू दिला आणि किती प्रमाण तासभर सोसतं ते ठरवलं: दहा हजार भागांत चार. त्यावरून ओले सिंगस्टाड यांनी व्यवस्था आखली. ताजी हवा रस्त्याच्या कडेने खालून आत यावी, दूषित हवा छतातून वर ओढली जावी. त्यासाठी चार इमारतींत मिळून ८४ पंखे बसवले. दीड मिनिटात बोगद्यातली सगळी हवा बदलते.

ज्यांच्या नावाने हा बोगदा आहे ते मुख्य अभियंते क्लिफर्ड हॉलंड काम पूर्ण होण्यापूर्वीच वारले. त्यांच्या जागी आलेले मिल्टन फ्रीमनही काही महिन्यांत वारले. सिंगस्टाड यांनी काम पुरं केलं.

१९४९ च्या मे महिन्यात या बोगद्यात कार्बन डायसल्फाइडची पिंपं नेणारा एक ट्रक पेटला. दहा ट्रक जळाले, छत कोसळलं, ६६ जण जखमी झाले. त्या दिवशी आत कुणी मेलं नाही. जखमी झालेले एक अग्निशमन अधिकारी काही महिन्यांनी वारले. इतक्या मोठ्या आगीत माणसं वाचली, त्यात या पंख्यांचा वाटा मोठा होता. पण तोवर बावीस वर्षं होऊन गेली होती. बावीस वर्षं कुणीतरी त्या पंख्यांची बेअरिंगं बघत होतं, वंगण घालत होतं, पट्टे ताणत होतं. सिंगस्टाड यांचं नाव मी तुम्हाला सांगू शकतो. या दुसऱ्या माणसांची नावं मला पुस्तकात सापडलेली नाहीत.

निगा म्हणजे नेमकं काय?

'मेंटेनन्स' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाना घेतलेला माणूस येतो. पण मोडलेलं दुरुस्त करणं हा निगेचा छोटा भाग. मोठा भाग मोडण्याच्या आधीचा. चार उदाहरणं घेऊ.

पहिलं, फिल्टर. फिल्टर धूळ अडवतो, म्हणजे तो जितकं चांगलं काम करेल तितका तुंबेल. तुंबला की हवा कमी येते, कॉइलवर पुरेशी हवा जात नाही, फलाट तापतो. मग कुणीतरी काय करतं? थर्मोस्टॅट आणखी खाली ओढतं. वीज जास्त जाते आणि फलाट तसाच. चांगल्या ठिकाणी फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक दाखवणारं मापक असतं. काटा ठराविक खुणेपलीकडे गेला की फिल्टर बदलायचा. 'दर तीन महिन्यांनी बदला' या नियमापेक्षा हे शहाणपणाचं, कारण शेजारी बांधकाम चालू असेल तर तीन आठवड्यांतही फिल्टर भरेल.

दुसरं, कॉइलखालचा ट्रे. थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, ते ट्रेमध्ये पडतं, नळीने वाहून जातं. नळीत शेवाळ साठलं की पाणी छतातून ठिबकतं. मग फलाटावर पिवळी पाटी येते, 'फरशी ओली आहे', आणि खाली बादली. बादली बघितली की समजावं, वर कुठेतरी दहा मिनिटांचं काम राहून गेलंय.

तिसरं, कूलिंग टॉवर. कोमट पाणी, ऊन, हवेतली धूळ. जंतूंना याहून काय हवं? १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन भरलं होतं. तिथून परतलेले अनेक जण न्यूमोनियासारख्या आजाराने मेले. कारण सापडायला काही महिने लागले. तो नवा जंतू निघाला आणि त्या सैनिकांच्या संघटनेवरून त्याला लेजिओनेला नाव पडलं. नंतरच्या बऱ्याच साथींचा माग कूलिंग टॉवरपर्यंत पोचला. टॉवरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर हा जंतू श्वासात जातो. म्हणून पाण्यात औषध घालणं, काही पाणी नेमाने काढून टाकणं, टॉवर रिकामा करून घासणं. हॉटेल असो, स्थानक असो की विमानतळ, हे चुकत नाही.

चौथं, डँपर, म्हणजे डक्टमधल्या झडपा. रोजच्या वेळी एका स्थितीत असतात, आगीच्या वेळी दुसऱ्या. म्हणजे वर्षानुवर्षं त्या हलतच नाहीत. मुंबईच्या खाऱ्या हवेत न हलणाऱ्या लोखंडाचं काय होतं हे मुंबईकरांना सांगायला नको. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर 'झडप उघडली' असा हिरवा दिवा लागेल. तो मोटर फिरली म्हणून लागला, की पातं खरंच उघडलं म्हणून लागला? दोन्हींत फरक आहे. आणि इथून आपण आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो.

'दिसलं नाही' आणि 'नाही'

भारतीय दर्शनांत हा वाद फार जुना आणि फार बारकाईने झालेला आहे. वैशेषिकांच्या परंपरेत पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. 'नाही' हीसुद्धा ज्ञानाचा विषय होणारी गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. आता ते कळतं कशाने? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, त्याला अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण लागतं. वाद मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. पण एका अटीवर दोन्ही पक्ष सहमत आहेत. नुसतं न दिसणं पुरत नाही; ते 'योग्य' न दिसणं हवं. योग्यानुपलब्धी. म्हणजे काय? 'घडा इथे असता, तर मला दिसलाच असता', असं म्हणता आलं पाहिजे. उजेड हवा, डोळे धड हवेत, नजर तिकडे हवी, मधे आडोसा नको. काळोख्या खोलीत मला घडा दिसला नाही, यावरून खोलीत घडा नाही असं ठरत नाही.

आता तपासणीचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. 'पंखा क्रमांक चार: दोष आढळला नाही.' खाली सही, तारीख. हे वाक्य मला न्यायशास्त्राच्या पेपरातलं वाटतं. दोष असता तर आढळला असता का? पंखा चालवून पाहिला का? पूर्ण वेगाने? उलट्या दिशेने? हवेचा वेग मोजला का? की पॅनेलवरचा दिवा हिरवा होता म्हणून खूण केली? पहिली योग्यानुपलब्धी आहे. दुसरी काळोखातली. कागदावर मात्र दोन्हींची खूण सारखीच दिसते.

निगेची सगळी उपकरणं याच अटीसाठी आहेत, असं मला वाटतं. दाबमापक, कंपनमापक, पाण्याची प्रयोगशाळेतली चाचणी, धुराचे नळकांडे पेटवून घेतलेली रंगीत तालीम. कार्बन मोनॉक्साइड तर आपल्या इंद्रियांना अयोग्यच आहे. तिथे नाकाची साक्ष कवडीमोल. मापक हवंच. आणि मापकाचीही वेळोवेळी पारख हवी, नाहीतर आंधळ्याचा हात धरून आंधळा चालला.

वॉशिंग्टन, १२ जानेवारी २०१५

हा शब्दांचा खेळ नाही, हे पटावं म्हणून एक घटना सांगतो. वॉशिंग्टनच्या मेट्रोत लाँफाँ प्लाझा नावाचं स्थानक आहे. त्या दुपारी तिथून सुटलेली गाडी भुयारात थोडंसं अंतर जाऊन थांबली. पुढे विजेच्या केबलपाशी ठिणग्या उडत होत्या आणि धूर भरत होता. गाडीत माणसं, मागे स्थानक. अर्ध्या तासाहून अधिक काळ प्रवासी धुरात अडकून राहिले. एक प्रवासी स्त्री मरण पावली, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

पंखे होते. पण मघाशी मी काय सांगितलं? एका टोकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं. तिथे स्थानकातले पंखे हवा ओढण्यासाठी सुरू झाले, आणि भुयाराच्या दुसऱ्या बाजूचे पंखेही ओढण्यासाठीच सुरू झाले. दोन्हीकडून ओढ. धूर कुठे जाणार? तो गाडीपाशीच राहिला. शिवाय गाडीची स्वतःची वायुवीजन यंत्रणा चालू होती, ती बाहेरची हवा, म्हणजे धूर, डब्यात घेत होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशी केली. अपघाताचं संभाव्य कारण म्हणून त्यांनी लांबलेलं शॉर्टसर्किट सांगितलं, आणि त्याच्यामागे परिवहन संस्थेची निष्प्रभ तपासणी आणि देखभाल. तपासणी होत नव्हती असं नाही हो. तिचा उपयोग होत नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट दिसते. निगा यंत्राची असते तशी माणसाच्या सरावाचीही असते. कुठला पंखा केव्हा कुठल्या दिशेने, हे नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या हातात बसलेलं हवं. न हलवलेली झडप गंजते, तसा न केलेला सराव गंजतो.

हळू चढणारा ताप

काही बिघाड मात्र कुठल्याच एका दिवशी दिसत नाहीत. लंडनची खोल भुयारं चिकणमातीत खोदलेली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मातीचं तापमान १४ अंशांच्या आसपास होतं, आणि उन्हाळ्यात भुयारी रेल्वेची जाहिरात 'इथे गार आहे, या' अशी होई. गाड्यांची उष्णता माती शोषून घेत होती. शंभर वर्षं ती शोषत राहिली, आणि आता ती मातीच तापली आहे. काही ठिकाणी वीस-पंचवीस अंशांपर्यंत. आता ती पूर्वीसारखी उष्णता घेत नाही. भुयारं अरुंद, गाडीवर एसी बसवायला जागा अपुरी, आणि बसवला तरी त्याची उष्णता परत भुयारातच.

कुठल्याही एका वर्षीच्या तपासनिसाला यात दोष आढळला नसता. गेल्या वर्षाशी तुलना केली तर फरक नगण्य. पन्नास वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच दिसतं. म्हणजे इथे 'उजेड' कशाचा हवा? जुन्या वह्यांचा. नोंदवही हेही निगेचं उपकरण आहे. कंत्राट बदललं की जुन्या नोंदी गठ्ठ्यात जातात, हे आपल्याकडे नेहमीचं. तेव्हा आपण एक डोळा मिटून घेतो.

या गोष्टीला एक गोड शेवटही आहे. लंडनच्या इस्लिंग्टन भागात एका बंद पडलेल्या भुयारी स्थानकाच्या धुराड्यातून बाहेर येणारी गरम हवा २०२० पासून घरं उबदार ठेवायला वापरतात. आणि तो पंखा उन्हाळ्यात उलटा फिरवून भुयारात बाहेरची हवाही सोडता येते.

खिडकी बंद केल्यावर

आता घराकडे येतो. मुंबईची लोकल. तिचं दार उघडं, खिडकी उघडी. पंखा बंद असला तरी वारा आहे. ही व्यवस्था धोकादायक आहे, लोक पडतात, मरतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. पण दार बंद केलं तर आतल्या माणसांनी श्वास कसा घ्यायचा? म्हणून दारांना झरोक्याच्या पट्ट्या, छतावर ताजी हवा आत घेणारी यंत्रणा, आणि डब्यातून डब्यात जायला वाट, असा आराखडा सांगितला गेला. एसी लोकल तर डिसेंबर २०१७ पासून धावतेच आहे.

मी या बदलाच्या बाजूचा आहे. पण त्यात एक नैतिक गोष्ट घडते ती नीट बघू. खिडकी उघडी असते तेव्हा माझ्या श्वासाची व्यवस्था माझ्या हातात असते. गुदमरलं, तोंड बाहेर काढलं. खिडकी बंद झाली की तुम्ही माझा श्वास तुमच्या ताब्यात घेतला. आता छतावरचा पंखा ही सोय राहिली नाही. ते तुम्ही मला दिलेलं वचन झालं. आणि ते वचन उद्घाटनाच्या दिवशी पाळून होत नाही. गाडी चालते तितके दिवस, रोज पाळावं लागतं. बंद डबा, बंद स्थानक, बंद टर्मिनल बांधायचा निर्णय म्हणजे निगेचा कायमचा खर्च मान्य करण्याचा निर्णय. अंदाजपत्रकात पहिला आकडा असतो, दुसरा बहुधा नसतो.

आपल्याकडे 'योगक्षेम' असा जोडशब्द आहे. न मिळालेलं मिळवणं म्हणजे योग, मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. आपण फीत कापतो ती योगाची. क्षेमाची फीत कुठे असते? राखलं गेलं म्हणजे काहीच घडलं नाही. जे घडू शकलं असतं त्याचा प्रागभाव तसाच टिकला. आणि प्रागभावाचा फोटो वर्तमानपत्रात छापता येत नाही.

छांदोग्यात एक कथा आहे. वाणी, डोळे, कान, मन यांच्यात मोठं कोण असा तंटा होतो. एकेक जण वर्षभर शरीर सोडून जातो आणि परत येऊन विचारतो, माझ्यावाचून कसं चाललं? चाललं, मुक्यासारखं, आंधळ्यासारखं, पण चाललं. शेवटी प्राण निघू लागतो, तेव्हा खुंट्याला बांधलेला घोडा सगळे खुंटे उपटून निघावा तसं बाकीच्यांचं होतं. तंटा मिटतो. युरोपात हायडेगर यांनी हातोड्याचं उदाहरण देऊन सांगितलं, की अवजार नीट चालतं तोवर ते लक्षातही येत नाही. त्यांचा तो ग्रंथही १९२७ चाच, हॉलंड बोगद्याच्या वर्षाचा. पुढे ल्यूस इरिगरे या विदुषीने १९८३ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहून आठवण दिली, की तुम्ही हवेलाच विसरलात. मी त्यात भर घालीन: हवेची निगा करणाऱ्यालाही. ही माणसं बहुतेक कंत्राटी असतात, रात्री गाड्या बंद झाल्यावर तीन-चार तासांत काम उरकायचं असतं, आणि साफसफाईशी जोडलेल्या कामाकडे आपला समाज कसा बघतो हे मी सांगायला नको. ज्याच्या सहीवर माझा श्वास अवलंबून आहे, त्याला 'हे तपासायला मला वेळ मिळाला नाही' असं न घाबरता लिहिता आलं पाहिजे. नाहीतर तो खूण करील आणि निघून जाईल. तसं लिहिणाऱ्याला शिक्षा झाली, की दुसऱ्या दिवसापासून सगळे तक्ते स्वच्छ दिसू लागतात.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: सर, आता सेन्सर आणि संगणक सगळं बघतात. मग माणसाच्या तपासणीची गरज कमी होणार नाही का?*

कमी होईल, बदलेल. पण सेन्सर हाही एक साक्षीदार आहे. धुळीने माखलेला सेन्सर 'सगळं ठीक' सांगत राहतो. तो बंद पडला आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच गोठून राहिला, तर बघणाऱ्याला काय कळणार? साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही हे पाहणारा कुणीतरी लागतोच. शिवाय पट्टा सैल झाल्याचा आवाज, बेअरिंग तापल्याचा वास, हे अनुभवी कामगाराला आधी कळतं. दोन्ही ठेवा.

*प्रश्न: निगेवर किती खर्च करायचा याला मर्यादा हवीच ना? जे घडलंच नसतं त्यासाठीही आपण पैसे घालतो.*

हो, मर्यादा हवी. सगळं सारखं महत्त्वाचं मानलं तर काहीच नीट होत नाही. माझी कसोटी अशी: बिघाड झाला तर प्रवाशाला स्वतः काही करता येतं का? फलाट दोन अंशांनी गरम झाला तर तो वर जाऊ शकतो. भुयारात थांबलेल्या बंद डब्यात तो काही करू शकत नाही. तिथे काटकसर नको. 'घडलंच नसतं' हे तुम्हाला कसं कळलं, हेही स्वतःला विचारा. कदाचित निगा केली म्हणून घडलं नसेल.

*प्रश्न: आम्ही साधे प्रवासी. आम्ही काय करू शकतो?*

दोन गोष्टी. बादली दिसली, जाळीवर काळी धूळ दिसली, फलाट नेहमीपेक्षा कोंदट वाटला, तर स्थानकावर सांगा, लेखी सांगा. तुमची तक्रार ही त्यांच्यासाठी एक नोंद असते, आणि नोंदी जमल्या की दिसू लागतं. दुसरं, रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरताना शिडी घेऊन आत येणारी माणसं दिसतात. त्यांना वाट द्या. त्यांच्याकडे वेळ कमी असतो.